कपाशीची पहिली फवारणी निंबोळी अर्काचीच असावी का?

शेतशिवार:
पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मावा, तुडतुडे आणि फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडींसाठी कपाशीवर 5 टक्के निंबोळी अर्कच फवारावा, असे माझे ठाम मत आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तरीही पहिल्याच फवारणीला जहाल औषध काढले जाते, याचे मला मनापासून दुःख होते. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावा, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि द्रावण 100 लिटर करावे. यात कष्ट आहेत, पण रोख पैसा फारसा लागत नाही. शिवाय मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

कोरडवाहू:
हेतूबद्दल आदर आहे, परंतु पैसा लागत नाही हे मला मान्य नाही. निंबोळ्या गळतात जून-जुलैत, म्हणजे नेमक्या पेरणीच्या आणि निंदणाच्या घाईत. तेव्हा त्या वेचायला मजूर आणायचा कुठून? गेल्या वर्षी आमच्या ओसरीत ठेवलेल्या दोन पोत्यांना ओलीमुळे बुरशी लागली आणि सगळा माल काळा पडला. दुसरे असे की, गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच कळीत किंवा बोंडात शिरते आणि तिचे छिद्रही बुजते. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागल्यावर आत बसलेल्या अळीपर्यंत हा अर्क पोहोचणार कसा?

माळरान:
माझा आक्षेप वेगळा आहे. झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, हा समज घातक आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या अर्कात, अनेक जण कण्हेर आणि रुई घालतात; ही दोन्ही झाडे विषारी आहेत, आणि प्रत्येक घरचे प्रमाण निराळे असल्याने कोणत्या पिंपात काय उतरले हे सांगता येत नाही. आमच्याकडे मात्र तो उघड्या हातांनी ढवळतात. हातमोजे आणि तोंडाला फडके इथेही हवेच.

शेतशिवार:
माळरान यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, म्हणूनच मी सर्व वनस्पतिजन्य औषधांची नव्हे, निंबोळीची बाजू घेतली. बोंडअळीबाबतही आत शिरलेली अळी अर्काने मरत नाही, हे मान्य. त्यासाठी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडू लागले की योग्य ते औषध जरूर वापरावे. निंबोळी किडीचे खाणे, कात टाकणे आणि अंडी घालणे यांत अडथळा आणते. दुसऱ्याच दिवशी मेलेल्या किडी दिसत नाहीत, म्हणून लोक तिला निकामी ठरवतात. उन्हात तिचा अंश लवकर नासतो, त्यामुळे भर दुपारी फवारून तिला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. फवारणी संध्याकाळी करावी. निंबोळ्यांचा गर धुऊन बी सावलीत पातळ पसरून वाळवले, तर बुरशीही बरीच टळते.

कोरडवाहू:
सावलीत वाळवण्याचे यंदा करून पाहीन. परंतु संध्याकाळी फवारलेला अर्क रात्रीच्या पावसाने धुऊन गेला आणि पाने तुडतुड्यांनी वाकडी होऊ लागली, तर पुन्हा पाच किलो भरडा भिजत घालायचा की दुकान गाठायचे?


शेतशिवार:
दर पानाला किती तुडतुडे आहेत ते मोजून पाहावे. दोन-तीनहून अधिक नसतील तर भरडाच भिजत घालावा.