रेज अगेन्स्ट द मशीन: एवढा मोठा बँड आणि स्वतःच्या गाण्यांचे अल्बम फक्त तीनच, असं का?

रात्रपाळी_पुणे:

नमस्कार मंडळी, लिंकिन पार्क आणि लिंप बिझकिट ऐकतच मोठा झालो, मध्यंतरी दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'रक्षक' डोक्यात बसला आणि म्हटलं आता रॅप रॉकच्या मुळाशीच जाऊ, म्हणून रेज अगेन्स्ट द मशीनचा १९९२ चा पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकला. काय आहे राव ते! तीस वर्षांहून जुनं रेकॉर्डिंग आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

पण मग त्यांचं पुढचं करिअर वाचायला बसलो तर गोंधळ उडाला. १९९२, १९९६, १९९९ असे तीन अल्बम, २००० मध्ये एक कव्हर गाण्यांचा, आणि बँड बंद. तेही एकदम टॉपला असताना. नंतर २००७ ला परत एकत्र, परत गायब, २०२२ ला परत टूर, परत गायब, आणि एवढ्या सगळ्यात नवीन गाणं एकही नाही. भांडणं होती का? पैशाचं काही होतं का? आणि अजून एक गोष्ट खटकते ती स्पष्टच विचारतो, सिस्टीमच्या विरोधात एवढं ओरडणारे लोक सोनीच्या एपिक लेबलवर कसे काय? जाणकारांनी सांगा, आणि पुढे काय ऐकू तेही सांगा.


कॅसेट_ते_सीडी:

तीनच का, तर माझ्या मते चौघांचं एकमत झाल्याशिवाय त्या बँडमध्ये पान हलायचं नाही, आणि चौघं चार दिशांचे होते, एवढी साधी गोष्ट आहे.

गिटारवाला टॉम मोरेलो, वडील केनियाचे, राजनैतिक सेवेतले, आई शाळेत शिक्षिका, तिने एकटीने त्याला शिकागोजवळच्या लिबर्टीव्हिल नावाच्या गावात वाढवलं. हा हार्वर्डचा पदवीधर, १९८६ चा. नंतर लॉस एंजेलिसला आला आणि काही काळ सेनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या ऑफिसात नोकरी केली, म्हणजे सिस्टीम आतून कशी चालते ते जवळून बघितलेला माणूस. गायक झॅक दे ला रोचा, वडील बेटो हे चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, चित्रकारांच्या 'लॉस फोर' गटातले, झॅक वाढला आर्वाइनमध्ये जिथे आजूबाजूला सगळी गोऱ्यांची वस्ती, आणि गायचा हार्डकोर पंक बँडमध्ये, इनसाइड आउट नावाच्या. रेजचं नावसुद्धा त्याच बँडसाठी लिहिलेल्या गाण्यावरून आलंय. बेसवर टिम कॉमरफर्ड, झॅकचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि ड्रम्सवर ब्रॅड विल्क. १९९१ ला एकत्र आले, बारा गाण्यांची कॅसेट स्वतःच काढून शोजमध्ये विकली आणि मग लेबलवाले मागे लागले.

काळ बघ कुठला. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारहाण केली, त्याचा व्हिडिओ जगभर गेला, एप्रिल १९९२ ला ते पोलीस कोर्टातून सुटले आणि शहर पेटलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये हा अल्बम आला. कव्हरवरचा फोटो १९६३ चा आहे, सायगावच्या रस्त्यावर थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्खूने स्वतःला पेटवून घेतलं तो, माल्कम ब्राउनने काढलेला. आजही ते कव्हर हातात घेतलं की मी आधी दोन मिनिटं नुसता बघत बसतो.

'किलिंग इन द नेम'मध्ये शेवटी एकच ओळ सोळा वेळा येते आणि दर वेळी झॅक आवाज एक पायरी वर नेतो, लोकांना त्यातली फक्त शिवी आठवते. पण त्याआधी त्याने पोलिसांच्या वर्दीचा आणि वर्णद्वेषी टोळ्यांचा जो संबंध जोडलाय त्यासाठी ते गाणं आहे रे.

मग दुसऱ्या अल्बमला एप्रिल १९९६ उजाडला. साडेतीन वर्षं! एवढ्या वेळात झॅक मेक्सिकोत चियापासला जाऊन आला होता, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या झापाटिस्ट गटाचा उठाव १ जानेवारी १९९४ ला झाला, अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा नाफ्टा व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, आणि 'पीपल ऑफ द सन' हे गाणं तिथूनच आलं. अल्बम बिलबोर्डवर थेट एक नंबरला. तो बाजारात यायच्या तीनच दिवस आधी सॅटरडे नाईट लाइव्ह या टीव्ही कार्यक्रमात बोलावलं होतं, होस्ट कोण तर स्टीव्ह फोर्ब्स, अब्जाधीश आणि त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला. ह्यांनी अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यांवर, अमेरिकेचे झेंडे उलटे लटकवले. लाइव्ह जायच्या अगदी काही सेकंद आधी स्टेजवरच्या लोकांनी ते खेचून काढले, पहिलं गाणं झालं आणि दुसरं गाणं न वाजवताच बँडला बाहेर काढलं. कुठल्याही बँडला नवीन अल्बम विकायला ती सगळ्यात मोठी संधी असते, आणि हे लोक ती संधी घालवून मोकळे. म्हणून मला ते आवडतात.

तिसरा १९९९ चा 'बॅटल ऑफ लॉस एंजेलिस', तोही एक नंबर. जानेवारी २००० मध्ये 'स्लीप नाऊ इन द फायर'चा व्हिडिओ मायकल मूरने थेट वॉल स्ट्रीटवर शूट केला, शेअर बाजारासमोर, आणि स्टॉक एक्सचेंजला दारं बंद करून घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या बाहेर, स्टेपल्स सेंटरसमोर कॉन्सर्ट. म्हणजे रिपब्लिकन आवडत नाहीत म्हणून डेमोक्रॅटांच्या मागे गेले असंही नाही, दोघांनाही सारखंच झोडपलं.

आणि १८ ऑक्टोबर २००० ला झॅक बाहेर पडला. कारण त्याने जाहीरच सांगितलं, बँडमधली निर्णय घेण्याची पद्धत पूर्ण कोलमडली आहे. पैसा नाही, दारू-ड्रग्ज नाही, ज्या गोष्टीमुळे ते सच्चे राहिले त्याच गोष्टीने बँड तुटला.


सहावी_तार:

वरच्या पोस्टला मनापासून अनुमोदन, मी फक्त वाजवण्याबद्दल लिहितो कारण तीन अल्बममध्ये एवढं काम कसं बसलं ते तिथे कळतं.

पहिल्या अल्बमवर छापलंय की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही. ते छापावं लागलं कारण ऐकणाऱ्याला विश्वासच बसत नाही, डीजे स्क्रॅच करतोय असंच वाटतं. दुसऱ्या अल्बममधल्या 'बुल्स ऑन परेड'चा सोलो घ्या. मोरेलोच्या गिटारला दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, एकाचा व्हॉल्यूम शून्य आणि दुसऱ्याचा फुल. आता एका हाताने टॉगल स्विच खटखट खालीवर करायचा म्हणजे आवाज चालू-बंद चालू-बंद होतो, आणि दुसऱ्या हाताने तारा नुसत्या घासायच्या, दाबायच्या नाहीत. एवढंच. एक साधा स्विच आणि एक तळहात. मी घरी करून बघितलंय, आवाज पहिल्याच दिवशी निघतो पण तो तालात बसवायला महिने जातात.

'किलिंग इन द नेम'ची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी ला उतरवायची, आणि ती रिफ त्याला सुचली ती एका विद्यार्थ्याला हेच ट्यूनिंग शिकवत असताना. सोलोमध्ये व्हॅमी पेडल पायाने दाबून सूर दोन सप्तक वर फेकलाय. सामान किती, तर एक मार्शल अँप, चार-पाच पेडल, बस. आणि 'आर्म द होमलेस' लिहिलेली ती निळी गिटार, जिच्यावर पाणघोडे रंगवलेत. आजकाल मुलं आधी लाखभराची पेडलं घेतात आणि मग काय वाजवायचं ते शोधतात, त्यांना मी हाच अल्बम ऐकवतो.

टिम आणि ब्रॅडचं नाव कमी निघतं ह्याचं वाईट वाटतं. मोरेलो हवे तसे आवाज काढायला मोकळा राहतो कारण खाली बेस आणि ड्रम्सने फंकचा ठेका घट्ट धरून ठेवलेला असतो. रॅपला लागतो तो ठेका तिथून येतो.


स्पष्ट_बोलतो:

बाकी ठीक, पण सोनीचा मुद्दा दोघांनीही टाळला. लेबलने त्यांच्या रागावर पैसे कमावले हे खरंच आहे ना? २००९ चा ख्रिसमस आठवा. ब्रिटनमध्ये चार वर्षं ओळीने एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा विजेता ख्रिसमसला एक नंबरला यायचा, त्याचा कंटाळा येऊन एका जोडप्याने फेसबुकवर मोहीम काढली, लोकांनी 'किलिंग इन द नेम' डाउनलोड केलं, आठवड्याभरात पाच लाखांच्या वर, आणि गाणं सतरा वर्षांनी एक नंबरला. पण एक्स फॅक्टरचं गाणंही सोनीचं आणि हेही सोनीचंच! कोणीही जिंको, पैसा एकाच गल्ल्यात. मला बँड आवडतो, पण हे मान्य करायला पाहिजे.


कॅसेट_ते_सीडी:

@स्पष्ट_बोलतो मान्य, गल्ला सोनीचाच. पण काय वाजवायचं, कव्हरवर काय टाकायचं, काय बोलायचं ह्याचा ताबा त्यांनी करारातच स्वतःकडे ठेवला होता, आणि छोट्या लेबलवर राहिले असते तर ते गाणं आपल्यापर्यंत आलंच नसतं. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाला लोलापलूझा या संगीत महोत्सवात तोंडाला पट्टी लावून, अंगावर एक कपडा नाही, छातीवर प्रत्येकी एक अक्षर, पी एम आर सी, असे पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले. अल्बमवर इशाऱ्याचं लेबल चिकटवायला लावणाऱ्या संस्थेच्या विरोधात होतं ते. एक गाणं वाजवलं नाही, फक्त गिटार आणि बेसच्या फीडबॅकचा गोंगाट, लोक बाटल्या फेकायला लागले तरी हलले नाहीत. असलं काही लेबल सांगून करून घेत नाही.

आणि त्या ख्रिसमसनंतर काय केलं तेही बघा, मोहिमेतून बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टर संस्थेला पैसा गेला, आणि ६ जून २०१० ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये बँडने फुकट कॉन्सर्ट दिली, आभार म्हणून.


नागपुरी_रॉकर:

माझ्यासारख्या ऑडिओस्लेव्हवाल्यांचं पण ऐका जरा. झॅक गेल्यावर उरलेल्या तिघांनी साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलला घेतलं, तीन अल्बम काढले आणि २००५ मध्ये हवानाला फुकट शो केला. तेच तीन वादक, पण रॅप नाही, गाणारा आवाज, तर पूर्ण वेगळा बँड वाटतो. रेजचं अर्धं वजन झॅकच्या शब्दांवर होतं हे तिथे समजतं, आणि हे तिघं झॅकशिवायही किती दमदार आहेत हेही. २०१७ ला कॉर्नेल गेला तेव्हा मी कित्येक दिवस दुसरं काही ऐकूच शकले नाही.

आणि भाऊ, नवीन गाणी नाहीत त्याबद्दल, झॅकने एकट्याने बरंच रेकॉर्ड केलं म्हणतात पण बाहेर आलं फार थोडं, २००८ ची वन डे अ‍ॅज अ लायन या त्याच्या दुसऱ्या बँडची पाच गाणी आणि नंतर रन द ज्वेल्स या रॅपर जोडीसोबत पाहुणा म्हणून. ज्या माणसाला स्वतःचंच पसंत पडत नाही तो चौघांच्या एकमतावर अल्बम कसा काढणार?

२०२२ च्या टूरचं तर नशीबच फुटकं. २०२० ची टूर कोरोनाने पुढे ढकलली, शेवटी जुलै २०२२ ला विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच शोला शिकागोत झॅकच्या पायाला दुखापत झाली, टाचेमागची अकिलीसची कंडरा फाटली. त्याने पुढचे सगळे शो बसून गायले! ते व्हिडिओ बघा, बसलेला माणूस उभ्या असलेल्या वीस हजारांना हलवतोय. मग बाकीची टूर रद्द, नोव्हेंबर २०२३ ला बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा चौघांपैकी एकटा मोरेलो आला, आणि जानेवारी २०२४ ला ब्रॅडने लिहून टाकलं की परत टूर होणार नाही.


रात्रपाळी_पुणे:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लोलापलूझाचं आजच कळलं. सोनीबद्दल माझं अजून पूर्ण समाधान नाही, पण कराराची बाजू माहीत नव्हती. आता 'बॅटल ऑफ लॉस एंजेलिस' घेतो ऐकायला. लाइव्ह काही सुचवा ना, व्हिडिओ नको, प्रवासात फक्त ऐकता येईल असं.


कॅसेट_ते_सीडी:

'लाइव्ह अ‍ॅट द ग्रँड ऑलिम्पिक ऑडिटोरियम'. सप्टेंबर २००० मध्ये लॉस एंजेलिसला दोन रात्री रेकॉर्ड केलंय, झॅक बाहेर पडायच्या महिनाभर आधी, बाजारात आलं २००३ ला. आतून बँड तुटत आला होता हे वाजवण्यात कुठेही जाणवत नाही. 'बुल्स ऑन परेड'पासून सुरू होतं, आवाज मोठा ठेव.