'समोरच्याचं मन कळत नाही' म्हणे. कुणाला?

निशिगंध: परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "ऑटिस्टिक (स्वमग्न) लोकांना समोरच्याचं मन कळत नाही, 1985 मध्येच सिद्ध झालंय." म्हणजे मानसशास्त्रज्ञ बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांचा बाहुल्यांचा प्रयोग: एका बाहुलीची गोटी तिच्या नकळत हलवली, तर ती कुठे शोधेल? 20 ऑटिस्टिक मुलं, 16 चुकली. बरोबर आलेल्या चौघांचं काय केलंत? संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक. 2012 मध्येच त्यांनी मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. क्रॉम्प्टन यांच्या 2020 च्या अभ्यासात कानोकानी गोष्ट पुढे सांगायची होती. ऑटिस्टिकांच्या साखळीत ती इतरांइतकीच टिकली, जास्त गळाली ती ऑटिस्टिक आणि इतर अशा मिश्र साखळीत. मी ऑटिस्टिक आहे. ऑफिसात 'तुटक बोलतेस' हे मीच ऐकायचं, 'तुम्ही मोघम बोलता' हे कुणाला सुनवायचं नाही!

तिरकस: ते वाक्य माझंच. आता पुढचंही वाचा. त्याच क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये 311 जणांवर तेच केलं. मिश्र साखळीत इतरांपेक्षा जास्त काही गळालं नाही.

निशिगंध: म्हणजे ऑटिस्टिक कुठेच कमी पडले नाहीत. माझंच काम केलंत, आभार.

थकलेली_आई: तुमच्या साखळ्यांत बोलणारी माणसंच बसतात. माझा मुलगा 'पाणी हवं?' विचारलं की 'पाणी हवं?' म्हणतो. त्याला कोण बसवणार? आमच्या थेरपिस्टबाईंनी वर्षभर ते 'पोपटपंची' म्हणून बंद करायला लावलं. शेवटी तो पाणी मागायचाच थांबला.

स्वरयंत्र: मी स्पीच थेरपिस्ट आहे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. प्रिझंट आणि डकन या संशोधकांनी 1981 मध्येच अशा पुनरुक्तीची सात कामं दाखवली. 'हो' म्हणणं त्यातलंच एक.

तिरकस: किती मुलांवरून? चार! वीस मुलांच्या प्रयोगावर शंका घेणारे आता चारावर टाळ्या पिटतायत.

थकलेली_आई: टाळ्या? दादा, एक दिवस घरी येऊन बसा आमच्या.

स्वरयंत्र: चार मुलांवरून 'सगळी पुनरुक्ती अर्थपूर्ण' म्हणता येत नाही, मान्य. पण 'सगळी निरर्थक' हे खोडायला चार पुरतात.

तिरकस: बरं, तेवढं दिलं. पण बाहुल्या फेकून द्यायला मी तयार नाही.

निशिगंध: ठेवा की. खेळा.

थकलेली_आई: स्वरयंत्र, 'पाणी हवं?'ला 'पाणी हवं?' आलं तर पाणी लगेच द्यायचं, की आधी 'हो' म्हणवून घ्यायचं? आमच्या बाई ग्लास मागे धरायच्या.

स्वरयंत्र: आधी पाणी द्या, ताई. देताना 'हो, पाणी हवं' तुम्हीच म्हणा.