पेरलं सोयाबीन, पैसे मक्याचे? अमेरिकेतला ‘बेस एकर’

सेमिनारवाली: अमेरिकेतल्या शेती अनुदानावर सेमिनार द्यायचाय. एका उदाहरणात शेतकऱ्याने सगळ्या रानात सोयाबीन पेरलंय आणि पैसे मिळालेत मक्याचे. छापताना गडबड झालीय का?

जुनाबांध: गडबड नाही. तिथल्या भावफरक योजनेत यंदाचा पेरा बघत नाहीत, ‘बेस एकर’ बघतात. म्हणजे त्या जमिनीच्या नावावर चढलेला जुना पेरा. २००२ च्या शेती कायद्याने १९९८ ते २००१ ची सरासरी धरून बेस नव्याने लावून घ्यायची मुभा दिली. २०१४ मध्ये २००९-१२ चा पेरा बघून पिकांची वाटणी बदलता आली, पण एकूण बेस वाढवता आला नाही.

समजा १०० एकर रान आहे. मक्याचा बेस ६०, सोयाबीनचा २०. उरलेल्या २० एकरांत सोनं पिकलं तरी या योजनेतून दमडी नाही. बेसचेही ८५ टक्केच धरतात, म्हणजे मक्याचे ५१ एकर. देशातला वर्षाचा सरासरी भाव संदर्भ भावाखाली, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या भावाखाली, घसरला की त्या ५१ वर पैसे, मग रानात मका असो वा नसो. भाजीपाला किंवा फळं मात्र बेसच्या १५ टक्क्यांपुढे लावली की कपात होते.

कारण सरळ आहे: चालू पेऱ्यावर पैसे दिले की सगळे त्याच पिकामागे धावतात आणि भाव आणखी पडतो. कागदावर पटतं. पण कुणी तरी पंचवीस वर्षांपूर्वी काय पेरलं यावर आजचा चेक निघावा, हे मला वतनासारखंच वाटतं.

सेमिनारवाली: मग पैसे मालकाला की कसणाऱ्याला?

जुनाबांध: रोख खंडाने दिली असेल तर कसणाऱ्याला, जोखीम त्याची म्हणून. बटाईत वाट्याप्रमाणे. जमीन विकली की बेस तिच्याबरोबर जातो.

कुरणवाला: गवताचं राहिलं. २००९ ते २०१७ सगळं रान गवताखाली किंवा पडीक असेल, तर २०१८ च्या कायद्याने पैसे थांबले. बेस कागदावर तसाच.

जुनाबांध: बरोबर. आणि सेमिनारमध्ये २०२५ चा कायदा सोडू नका. २०१९-२३ च्या पेऱ्यावरून देशभरात कमाल ३ कोटी एकर नवा बेस देण्याची तरतूद त्यात आहे. वरच्या उदाहरणातल्या उरलेल्या २० एकरांचा नंबर लागलाच तर त्यात लागेल.