वाटेतला देश वाटसरूचं काय देणं लागतो?

मुठेकाठ (धागाकर्ता):
शनिवारी नवी पेठेत मेक्सिकोतल्या स्थलांतरितांवर व्याख्यान झालं. शेवटी एका काकांनी विचारलं, "ते लोक मेक्सिकोत राहायला आलेलेच नाहीत, अमेरिकेला निघालेत. मग मेक्सिकोने त्यांची उस्तवार का करायची?" टाळ्या पडल्या, वेळ संपली, चहा आला. उत्तर राहून गेलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की जो राहायला आलेला नाही त्यालाच लुबाडणं सगळ्यात सोपं असतं. गावात ओळख नाही, मत नाही आणि पोलिसांत गेला तर पहिला प्रश्न "कागद दाखव". ऑगस्ट २०१० मध्ये तामौलिपास राज्यातल्या सान फर्नांडोजवळ टोळीने ७२ स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. इक्वेडोरचा एक जखमी पोरगा चालत नौदलाच्या नाक्यापर्यंत पोचला, म्हणून जगाला कळलं.

२०११ मध्ये मेक्सिकोने स्थलांतराचा नवा कायदा केला. कागद नसणं हा त्यात गुन्हा नाही. शिवाय तिथल्या भूमीवर गंभीर गुन्ह्याचा बळी ठरलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या परदेशी माणसाला मानवतेच्या कारणासाठी राहण्याचा परवाना मिळू शकतो. वाटेतल्या देशाने बाकी काही नाही केलं तरी एवढं चोख करावं: फिर्याद द्यायला आलेल्याला हद्दपारीची धास्ती नसावी.

रोखठोक_पेठी:
साफ असहमत. एजंटला लाखो रुपये मोजून डंकी मारणारे, म्हणजे चोरवाटेने अमेरिकेत घुसणारे, हे 'वाटसरू'? डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या वात्री विमानतळावर ३०३ प्रवाशांचं, बहुतेक भारतीय असलेलं विमान अडवलं. चाललं होतं मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला. नाताळात निकाराग्वा बघायला चालले होते का सगळे? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेक्सिकोने ३११ भारतीयांना एका विमानात बसवून दिल्लीला धाडलं, ते योग्यच केलं. आणि तुमच्या त्या परवान्याचं म्हणाल, तर उद्या प्रत्येक जण "मला लुटलं" म्हणून दारात उभा राहील.

कर्वेनगरची_घरमालकीण:
मी परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या देते. कोणी राहायला आलं की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे मला आता तोंडपाठ आहे. एका मुलाचा लॅपटॉप आणि मोबाईल गेला. व्हिसाची मुदत संपली होती, वाढवून मिळायचा अर्ज पडून होता. चौकीत चल म्हटलं तर नको म्हणाला. शेवटी मोबाईलशिवाय महिना काढला. चोर कोण हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि हा तक्रार करणार नाही हे चोरालाही माहीत होतं. धाग्यातला मुद्दा मला इथे, आमच्या जिन्यात दिसला. बाकी मेक्सिको मी पाहिलेलं नाही.

एक_पेन्शनर:
हयात सरकारी फायलींत गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

कायदे गोड असतात, अंमल खारट. मार्च २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थलांतरिताला ३६ तासांपेक्षा जास्त डांबून ठेवता येणार नाही. छान. आता ग्वातेमालाच्या सीमेजवळच्या तापाचुलात मेहसाण्याचा माणूस सापडला. त्याला स्पॅनिश येत नाही, अधिकाऱ्याला गुजराती येत नाही. पासपोर्ट एजंटने काढून घेतलेला. दूतावासाकडून नागरिकत्वाची खात्री व्हायची. ३६ तासांत दुभाषासुद्धा मिळत नाही हो! मग सोडा. सोडला की तो उत्तरेला. आणि तिकडून वॉशिंग्टनची नोटीस. ट्रम्प यांनी आयातकराची धमकी दिल्यावर जून २०१९ मध्ये मेक्सिकोने रातोरात नॅशनल गार्डचे जवान सीमेवर उभे केले होते. धनी तिकडे बसलाय आणि आपण राखणदाराचं मानगूट धरतोय.

मुठेकाठ:
धनी कोण ते मान्य. पण किल्ली राखणदाराच्या हातात होती. त्याच मार्च २०२३ मध्ये, २७ तारखेच्या रात्री, अमेरिकेच्या सीमेवरच्या सिउदाद ह्वारेस शहरातल्या स्थलांतर केंद्रात आग लागली. आतल्यांनीच निषेध म्हणून गाद्या पेटवल्याचं सांगितलं गेलं. असेल. कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच: गजांआड माणसं, धूर वाढतोय, गणवेशातले लोक दाराजवळून निघून जातायत. दार कोणी उघडलं नाही. ४० माणसं गेली. कुलूप उघडा म्हणून वॉशिंग्टनला विचारावं लागत नाही.

एसपीचा_उपाशी:
आणखी एक. हे फक्त परक्यांपुरतं राहत नाही. २०१५ मध्ये मेक्सिकोच्याच चियापास राज्यातली तीन आदिवासी भावंडं कामासाठी बसने उत्तरेला निघाली होती. तपासणीवाल्यांनी उतरवलं. चेहरा आणि मोडकी स्पॅनिश बघून "ग्वातेमालाचे" ठरवलं, आणि एका भावाला शॉक देऊन तशी सही घेतली. अस्सल मेक्सिकन नागरिक! मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशांतर्गत अशा तपासण्या घटनाबाह्य ठरवल्या. 'घुसखोर ओळखायचा' म्हटलं की आधी आपलाच गरीब सापडतो. रोखठोकभाऊ, चेहऱ्यावरून पासपोर्ट वाचता येतो का?

रोखठोक_पेठी:
नाही येत. शॉक देणाऱ्याला तुरुंगात घाला, दार न उघडणाऱ्यालाही. ज्याला ताब्यात घेतलं त्याच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्याची, याला माझी ना नाही. पण त्यातून परवाना कसा निघतो?

कर्वेनगरची_घरमालकीण:
अहो, फिर्याद खरी की खोटी हे बघायलाच पोलीस ठेवलेत ना? विम्यासाठी खोट्या फिर्यादी होतात, म्हणून कोणी चोरीच्या फिर्यादी घ्यायचं बंद केलंय का?

रोखठोक_पेठी:
ताई, विम्याचे पैसे आणि देशात राहायची मुभा यात फरक आहे. फिर्याद घ्या, चौकशी होईपर्यंत ठेवा, मग परत पाठवा.

मुठेकाठ:
"ठेवा" म्हणजे कुठे? कुलपाच्या आत की बाहेर?

एक_पेन्शनर:
आत ठेवलंत तर फिर्याद द्यायला कोणी येणार नाही, एवढं अनुभवाने सांगतो. मी तुमच्या बाजूचा नाही, तरी सांगतो.

रोखठोक_पेठी:
बरं, बाहेर. पण आठवड्याला हजेरी, आणि एक चुकली की परवाना रद्द.

मुठेकाठ:
हजेरी चालेल. एका चुकीवर रद्द नाही चालणार. टोळी बाहेर वाट बघत असेल तर हजेरी चुकणारच. तीन ठेवा.