पगाराआधी घराचा हिशेब मांडा
"पगार चांगला असला की घरभाड्याचं नंतर बघता येतं" हे जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. परदेशी लोकांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून नेणाऱ्या सरकारी जेट योजनेत एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन झालाय. खाजगी एजन्सीमार्फत गेलात तर बहुधा बराच कमी, शिवाय ऑगस्टच्या सुट्टीत तोही अनेकदा कापला जातो. खरा दणका भाड्याने घर घेताना बसतो. अनामत, घरमालकाला द्यायचं आणि कधीच परत न मिळणारं 'रेइकिन', एजंटचं कमिशन, भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीची फी, पहिलं भाडं, सगळं एकदम! आत जावं तर कित्येक घरांत छताला दिवा नसतो, ओट्यावर शेगडी नसते. घर कोण देणार, हमीदार कोण राहणार, हे सही करण्याआधी लेखी घ्याच.