जिवतीच्या शुक्रवारी पुरणाचे दिवे: मदत हवी आहे

श्रावणी शुक्रवारी आमच्याकडे जिवतीचा कागद लावून पूजा होते आणि संध्याकाळी मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळतात. सासूबाई आता गावी असतात, त्यामुळे यंदा सगळं माझ्याकडे आहे. ऑफिसातून यायला साडेसात वाजतात.

मुख्य प्रश्न दिव्यांचा. पुरण मी हरभऱ्याच्या डाळीला निम्म्याहून थोडा जास्त गूळ घालून करते. कट पूर्ण निथळून घेते (आमटी त्याचीच, ती सोडवत नाही!) आणि पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत आटवते. पोळीला ते छान होतं. पण दिवा वळून खळगा केला, तूप-फुलवात घातली की दोन मिनिटांत कड खचते आणि तूप ताटात. औक्षण होईपर्यंत तरी टिकायला हवेत. गूळ कमी करू, की पुरण जास्त आटवू? थोडी कणीक मळून घातली तर चालते का? कणकेचे वेगळे दिवे करतात हे माहीत आहे, पण मुलांना नंतर तोच दिवा मटकवायचा असतो, म्हणून पुरणाचेच हवेत.

गुरुवारी रात्रीच दिवे वळून फ्रिजमध्ये ठेवले तर चिरतात का, हेही सांगा. पूजा सकाळी दूध-फुटाण्यांच्या नैवेद्यावर उरकेन.

आणि थोरली शिकायला बाहेरगावी आहे. मूल लांब असलं की चारी दिशांना अक्षता टाकतात, ते आधी की घरातल्याला ओवाळून झाल्यावर? तुमच्याकडे कसं करतात?