लहान शेत आणि कॉफीचा दर्जा

शेत लहान कुटुंबाचे असले की कॉफी आपोआप उत्तम असते, हे मत मला पुरते पटत नाही. चवीच्या चाचणीत 100 पैकी किमान 80 गुण मिळवणारी कॉफी स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची, मानली जाते आणि त्या गुणांचा पाया वेचणीतच घातला जातो. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि गडद लाल फळे लगडलेली असताना पिकलेली तेवढीच हाताने खुडावी लागतात, मग पाण्यात तरंगणारी हलकी फळे वेगळी काढावी लागतात. घरची माणसे हे काम जीव लावून करतात, यात शंका नाही. मात्र इथिओपियात अनेकदा शेकडो कुटुंबांची फळे एकाच धुलाई केंद्रात (जिथे फळांतून बिया काढून धुतात) एकत्र होतात, म्हणून एका शेताच्या नावापेक्षा केंद्राचे नाव, हंगाम आणि शेतकऱ्याला मिळालेला भाव विक्रेता उघडपणे सांगतो का, हे आधी विचारावे.